महाराजांची दुसरी रेघ

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला बोडीटोल्याच्या शाळेच्या पटांगणात तीनशे माणसं माना उंचावून एका प्लास्टिकच्या पट्टीकडे बघत होती. धान कापणीचे दिवस होते. एरवी या दिवसांत गावात म्हातारी माणसं आणि कुत्री सोडून कोणी सापडत नाही, पण आज विळे घरी ठेवून सगळा गाव इथे लोटला होता. पट्टी बोटभर लांबीची. मागच्या रांगेतल्यांना ती दिसणं शक्यच नव्हतं. तरी मागच्या रांगेतलेच जास्त जोरात ओरडत होते.

"रेखा आयी क्या?" बलशक्ती महाराजांनी माईकवर विचारलं.

"आयी!"

"कितनी आयी?"

"दोन!"

"बोलो बलशक्ती की..."

"जय!"

महाराजांच्या शेजारी कैलाश उभा होता. कैलाश ट्रक ड्रायव्हर. अकरा दिवसांपूर्वी कंपनीच्या गेटवर त्याची लघवी तपासली, तेव्हा अशाच पट्टीवर एकच रेघ उमटली होती. एक रेघ म्हणजे नशा. आज दोन उमटल्या. दोन म्हणजे निर्मळ. मधल्या अकरा दिवसांत महाराजांनी त्याला अंगारा लावला होता, मौन पाळायला लावलं होतं आणि पेजेशिवाय काहीही खाऊ दिलं नव्हतं, अगदी स्वतःचा प्रसादसुद्धा नाही. कैलाश हडकला होता आणि रडत होता. लोक त्याच्याच पाया पडू लागले तेव्हा तो आणखी रडला.

"भाइयो, ये रेखा मशीन की नहीं है," महाराज म्हणाले. "ये कर्म की रेखा है. हाथ पर भगवान लिखता है, पट्टी पर भी भगवान लिखता है. डॉक्टर सिर्फ पढ़ता है. और वो भी गलत पढ़ता है!"

टाळ्या पडल्या. डॉक्टर तिथे नव्हता, त्यामुळे त्याने आक्षेप घेतला नाही.

पुष्पांजली कापगते पटांगणाच्या कडेला हातपंपाजवळ बसली होती. ती गावची आशा कार्यकर्ती. गर्दीत कोणाला चक्कर आली तर असावी म्हणून तिला पिशवीसकट बोलावलं होतं. पट्ट्यांचं तिला अप्रूप नव्हतं. नऊ वर्षं ती तापाच्या माणसांची बोटं टोचून मलेरियाच्या पट्ट्या बघत आली होती. तिच्या पट्टीवर दोन रेघा आल्या की मलेरिया, एक आली की माणूस सुटला. गरोदरपणाच्या पट्टीवर दोन आल्या की घरात पेढे. कंपनीच्या पट्टीचा हिशेब मात्र उलटा होता. पण कोणतीही पट्टी काहीतरी बघूनच रेघ काढते किंवा गिळते, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. ते काहीतरी म्हणजे काय, हे तीनशे माणसांतल्या एकानेही विचारलं नाही. तिनेही नाही विचारलं, आणि याची तिला पुढे चांगलीच लाज वाटली.

सौंदड स्टेशनाजवळ एका वाहतूक कंपनीचं यार्ड होतं. राईस मिलमधला तांदूळ ट्रकने मालगाडीपर्यंत पोचवायचा, एवढं तिचं काम. पावसाळ्यात दूरच्या कुठल्याशा यार्डातल्या ड्रायव्हरने नशेत ट्रक उलटवला आणि मुख्य कचेरीतून हुकूम सुटला की दर महिन्याला सगळ्या ड्रायव्हरांची तपासणी करा. दोन महिन्यांत तीन जण नापास झाले. तिघेही बोडीटोल्याचे.

आणि बोडीटोल्यात पाच महिन्यांपासून महाराज होते. पहाटे ड्युटीवर निघालेले ड्रायव्हर आधी त्यांच्या मठीवर जात. महाराज लांब दांड्याच्या हिरव्या चमच्याने डब्यातून माप भरत आणि तळहातावर चूर्ण ठेवत. तपकिरी, गुळाच्या चवीचं, जिभेला किंचित झणझणणारं. तासाभरात झोप उडे, भूक मरे, छाती धडधडायला लागे. लोक म्हणत, शक्ती उतरली. ड्रायव्हरांना ते सोयीचंच होतं. चहाचा खर्च वाचला आणि वर पुण्य.

मग रेघा जायला लागल्या. महाराजांनी निदान केलं, गावावर बाधा आहे. आणि अकरा दिवसांच्या अनुष्ठानाने ती उतरवून दाखवली. एका रेघेला दोन पोती धान.

कैलाशचा चमत्कार झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, चौथी रेघ गेली, योगराजची.

योगराज म्हणजे पुष्पांजलीचा धाकटा दीर. एकतीस वर्षांचा माणूस, पण तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याला हात लावला नव्हता. मोहाची दारू गावात पाण्यासारखी मिळते, तिच्या वासाने त्याला मळमळायचं. दुपारीच तो घरी आला, ओसरीवर बसला आणि बूट न काढता तसाच भिंतीकडे बघत राहिला.

"वयनी, माह्या हातातली चाबी काढून घेतली," तो म्हणाला. "सर्वांसमोर. प्रफुल साहेब म्हनते, आजपासून स्टेअरिंगले हात लावायचा नाई."

प्रफुल साहेब म्हणजे यार्डाचे सुरक्षा अधिकारी. त्यांनी योगराजसमोर दोन वाटा ठेवल्या होत्या. 'माझी चूक मान्य आहे' असं लिहून सही द्यायची, म्हणजे नोकरी राहील, पण गाडी कायमची सुटेल. यार्डात पोती मोजायची, झाडू मारायचा. किंवा पुढच्या सोमवारी चौकशीला उभं राहायचं. तिथे दोषी ठरला तर कामावरून काढणार आणि तसा शेरा सगळ्या यार्डांना जाणार. मग कोणी त्याच्या हातात बैलगाडीचा कासराही देणार नाही.

"कैलाशनं काय केलं?" पुष्पांजलीने विचारलं.

"सही देल्ली. आता त्याची रेघ वापस आली, पन गाडी नाई आली. झाडूच मारून राहिला."

पुष्पांजलीला हे रविवारी कोणी सांगितलं नव्हतं. माईकवर फक्त रेघेचं सांगितलं होतं.

शांतीबाई, तिची सासू, आतून ऐकत होती. ती पदर खोचत बाहेर आली. "कंपनीचं काय घेऊन बसलास? महाराजाकडे चाल. उद्याच्या उद्या."

मंगळवारी मायलेक मठीवर गेले. महाराजांनी योगराजच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि निदान सांगितलं. अकरा दिवस लागतील. चौकशी सहा दिवसांवर आहे, हे सांगितल्यावर महाराज म्हणाले, "तो साइन कर दो बेटा. दोष कबूल किए बिना रेखा लौटती नहीं." वर असंही म्हणाले की या घरात रोज परक्याच्या रक्ताला हात लावणारं कोणीतरी आहे, बाधा तिथून शिरली.

शांतीबाई घरी आली. महाराजांचे शब्द तिने सुनेला सांगितले नाहीत, पण पुष्पांजलीच्या पिशवीकडे दोनदा बघितलं. मग कागदाची पुडी उघडून पुढे केली. "घे. पूरं माप देल्लं महाराजानं. तूबी खा."

पुष्पांजलीने हात पुढे केला. तिचा महाराजांवर विश्वास नव्हता, पण प्रसादाला नाही म्हणायचं असतं हेच तिला कधी कोणी शिकवलं नव्हतं. तळहात आपोआप पुढे होतो, उजवा, खाली डावा. तिने चूर्ण तोंडात टाकलं, एरवीच्या चिमटीपेक्षा बरंच जास्त, थोडं पुडीत उरलं, आणि ती धान पाखडायला अंगणात गेली.

आता पुष्पांजलीच्या नाकाबद्दल सांगायला हवं. कापणी लागली की तिचं नाक बंद. धानाचा कोंडा उडाला की दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ती तोंडाने श्वास घ्यायची. नवरा, खेमराज, तिला घोरण्यावरून चिडवायचा. त्या दुपारी तिने दोन पोती धान पाखडलं आणि मध्येच थांबली. तिला शेजारच्या घरातल्या कांद्याच्या फोडणीचा वास आला होता.

तिने श्वास घेतला. नाकाने. दोन्हीकडून. छाती धडधडत होती आणि तोंड कोरडं पडलं होतं.

हे तिला याआधी एकदाच झालं होतं. तीन वर्षांपूर्वी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तिला सर्दीची एक गोळी दिली होती. नाक मोकळं झालं होतं, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, काहींना होतं तसं, यातलं औषध नाकही उघडतं आणि झोपही उडवतं.

सूप तिथेच टाकून ती ओसरीवर आली. योगराज कोऱ्या कागदावर सही कुठे करायची याचा विचार करत बसला होता.

"भाऊजी, तपासनीच्या आधी एक फारम भरून घेतेत ना? त्याच्यात औषधं विचारतेत?"

"हो. मागच्या पंधरा दिवसांत कोनती औषधं घेतली मनून."

"तुमी काय लिवलं?"

"काईच नाई."

"आन चूर्न?"

योगराजने तिच्याकडे असं बघितलं, की वहिनीचं डोकं ठिकाणावर आहे ना. "वयनी, तो प्रसाद होय. औषध कोठी होय?"

चौघांनीही तेच केलं होतं. खोटं कोणीच बोललं नव्हतं. प्रसाद आपल्याकडे कशातच मोजत नाहीत. उपासाला चालतो, म्हणजे तो खाणं नव्हे. पथ्यात चालतो, म्हणजे तो औषध नव्हे. पाच महिने रोज पहाटे एक माप पोटात जात होतं, आणि कंपनीच्या फॉर्मवर सगळे उपाशी होते.

"सही करू नोका," पुष्पांजली म्हणाली. "मले दोन दिवस द्या."

बुधवारी सकाळी उरलेली पुडी घेऊन ती सौंदडहून गाडीने गोंदियाला गेली. वीरेंद्र तिथे एका छोट्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होता. पूर्वी आरोग्य केंद्रात असताना दोन वर्षं तो तिचे नमुने तपासायचा. राहायला गोंदियाला लागूनच कुडव्याला, आणि संध्याकाळी तिथल्या जिममध्ये.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या हातात प्लास्टिकची वाटी दिली. "ताई, पहले आपका ही देख लेते हैं."

पाच मिनिटांनी पट्टीवर एक रेघ आली. एकच.

नऊ वर्षं गावाला व्यसनमुक्तीची पत्रकं वाटणारी पुष्पांजली त्या पट्टीकडे बघतच राहिली. आपण काही केलेलं नाही हे माहीत असूनही तिने पट्टी पटकन पालथी केली. योगराजला चावी देताना काय वाटलं असेल, ते तिला तेव्हा कळलं.

"घाबरू नका," वीरेंद्र म्हणाला. "ये पट्टी चेहरा बघते, आधार कार्ड नाही बघत. नशेच्या एका औषधाचा चेहरा तिला शिकवलेला आहे. सर्दीच्या गोळीतलं औषध, ताकदीच्या पावडरीतले काही प्रकार, त्यांचा चेहरा मिळताजुळता असतो. पट्टी म्हणते, हाच तो चोर. म्हणून पट्टीवर फैसला करायचाच नसतो. एक रेघ आली की नमुना मोठ्या लॅबला पाठवायचा. तिथलं मशीन नाव-गाव सगळं विचारतं."

"कंपनीनं तं पाठवलं नाई."

"डब्यात कागद असतो, त्यावर लिहिलेलं असतं. पढ़ता कौन है?" त्याने पुडीतलं चूर्ण बोटावर घेतलं, चाटलं आणि जरा वेळ छताकडे बघितलं. "ताई, महाराज माप कशाने देतात?"

"हिरवा चमचा हाय. लांब दांडीचा."

वीरेंद्र हसायला लागला. बराच वेळ हसला. मग म्हणाला, "रविवारी येतो मी. डबा घेऊन."

पुष्पांजलीने त्या दिवसापासून प्रसाद खाल्ला नाही. सासूने विचारलं तर म्हणाली, पोट बिघडलं आहे. हे खोटं होतं, आणि ते तिला बोचलं.

पुढच्या रविवारी पटांगण पुन्हा भरलं. या वेळी मंचावर प्रफुल साहेबही होते. महाराज कंपनीचे ड्रायव्हर शुद्ध करून देतात म्हणून साहेबांना शाल-श्रीफळ द्यायला बोलावलं होतं, आणि ते आलेही होते. पट्ट्यांचा डबा महाराजांचा शिष्य चुन्नीलाल याच्याकडे होता. त्यानेच तो गोंदियाहून आणला होता.

"अब कापगते परिवार की बाधा भी उतरेगी," महाराजांनी जाहीर केलं. "लेकिन पहले जड़ पकड़नी पड़ेगी. घर में एक बहू है. रोज पराये खून को हाथ लगाती है!"

सगळ्यांच्या माना हातपंपाकडे वळल्या. या गर्दीतल्या निम्म्या बायांच्या बाळंतपणात पुष्पांजली त्यांच्याबरोबर दवाखान्यात जागली होती. त्यांतली एकही बोलली नाही. तिने पदर खोचला आणि ती सरळ मंचावर गेली.

"महाराज, बाधा माह्यात असल तं माही रेघ पाहा," ती म्हणाली. "तुमच्याच डब्यातली पट्टी द्या."

महाराज क्षणभर थबकले. पण तीनशे माणसं बघत होती, आणि या घरात प्रसाद रोज पोचतो हे त्यांना माहीत होतं. "दे दो," ते म्हणाले.

पुष्पांजली शाळेच्या संडासात जाऊन वाटी घेऊन आली. प्रफुल साहेबांनी पट्टी बुडवली. पाच मिनिटं थांबावं लागतं. पाच मिनिटं तीनशे माणसं गप्प बसली, बोडीटोल्याच्या ग्रामसभेत आजवर न घडलेला प्रकार.

दोन रेघा.

"मंग बाधा माह्यात नाई," पुष्पांजली म्हणाली. "आता घरातलं सर्वांत पवित्र मानूस तपासा. माह्या सासूबाई. पाच महिन्यांत एक दिवस तुमचा प्रसाद चुकवला नाई त्यायनं."

शांतीबाई पहिल्या रांगेत होती. ती उठली. "तपासा," ती ठणकावून म्हणाली. "माह्या पोटात महाराजाच्या प्रसादाबिगर काई नाई." आणि वाटी घेऊन, सर्वांच्या देखत, ताठ मानेने संडासाकडे चालती झाली.

पुन्हा पाच मिनिटं. प्रफुल साहेबांनी पट्टी बघितली, उलटी केली, सुलटी केली, चष्मा पुसला.

"एक," ते पुटपुटले. माईक चालू होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू आलं.

"एक म्हनजे काय साहेब?" पुष्पांजलीने विचारलं.

"एक म्हणजे... नशा."

"म्हनजे माही बासष्ट वर्साची सासू नशा करते? ट्रक चालवते? सांगा साहेब, उद्या चौकशीले हिलेबी उभी करू का?"

आधी मागून कोणीतरी हसलं. मग पटांगणभर हशा पसरला. शांतीबाई हसत नव्हती. ती पट्टीकडे बघत होती. सासूला आपण भर सभेत उभं केलं, याचं पुष्पांजलीला फार वाईट वाटलं. पण दुसरी वाट तिला सुचली नव्हती.

"बाधा सरक गयी!" महाराज ओरडले. "बहू से निकली, सास में घुसी!"

"मंग तुमची पाहू महाराज. तुमच्यात तं घुसू शकत नाई."

इथे महाराजांनी चूक केली. आपली रेघ कुठे जाणार नाही, याची त्यांना पक्की खात्री होती. ते हसले, भगवी कफनी सावरली आणि थाटात वाटी घेऊन गेले. परत येऊन त्यांनी स्वतःच पट्टी बुडवली आणि पाच मिनिटांनी ती उंच धरली.

"देखो! दो!"

"जय!" काही जण सवयीने ओरडले.

"सर्वांनी पायलं ना?" पुष्पांजली माईकजवळ आली. "प्रसाद न खाणाऱ्या सुनेच्या दोन. रोज खाणाऱ्या सासूची एक. रोज खाणाऱ्या चार ड्रायव्हरांची एक. अकरा दिवस प्रसाद बंद केला तं कैलाशभाऊच्या दोन. आन महाराजाच्या दोन. महाराज, तुमी सोताचा प्रसाद खात नाई का?"

महाराजांनी उंच धरलेली पट्टी खाली केली.

"आता इथंच दोन चमचे खा. आमी बसून राहातो. चार-पाच घंट्यांनी अजून तपासू."

"आज हमारा उपवास है," महाराज म्हणाले.

यावर पुष्पांजलीला काही बोलावंच लागलं नाही. पहिल्या रांगेतून शांतीबाईचा आवाज आला. "उपासाले चालते महाराज. तुमीच तं सांगलं होतं."

महाराजांनी चुन्नीलालकडे बघितलं. चुन्नीलाल मंचाखालच्या बुटांच्या ढिगाकडे बघत होता. आपले बूट कुठे काढून ठेवलेत ते त्याला आठवायचं होतं. तेवढ्यात गर्दीतून वीरेंद्र मोठ्या आनंदाने पुढे आला.

"अरे, मुन्नालालभैया! नमस्ते! आप यहाँ? दुकान काउन बंद केलं?"

त्याच्या हातात एक काळा प्लास्टिकचा डबा होता. त्यावर दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र. झाकण उघडून त्याने आतून माप काढलं. हिरवं, लांब दांडीचं. मठीतल्या चमच्याचं जुळं भावंड.

महाराजांचं नाव मुन्नालाल. कुडव्यात जिमसमोर त्याचं ताकदीच्या पावडरींचं दुकान होतं. दुकान बसलं, डबे उरले, त्यांवरची तारीखही उलटून गेली. गूळ, सुंठ आणि काळं मीठ घातलं की डबा संपतो आणि प्रसाद सुरू होतो. डब्यावर वीस घटक छापलेले होते. त्यांतले निम्मे कोणाला वाचता येत नव्हते, आणि जे आत होतं ते सगळं बाहेर छापलेलं असेलच, याची कोणी हमी दिली नव्हती.

गावकऱ्यांनी बोलावलेल्या पोलिसांची वाट बघत शाळेच्या व्हरांड्यात बसलेला असताना मुन्नालाल पुष्पांजलीशी साध्या मराठीत बोलला. माईक नसला की त्याला हिंदी लागत नसावी. "बाई, पयले मलेबी समजलं नाई. रेघा जाऊन राहिल्या तं मी भेवलो. मंग कैलाशच्या आधीचा एक ड्रायव्हर सासुरवाडीले गेला, आठ दिवस चूर्न नाई खाल्लं, आन घरी पट्टी लावली तं दोन आल्या. तवा समजलं. मंग म्हनलं, लोकच म्हनून राहिले चमत्कार, तं मी कायले नाई म्हनू?"

"चार जनांच्या गाड्या गेल्या, मुन्नालालभाऊ."

"मी कोठी काढल्या? कंपनीनं काढल्या."

तो पक्का लबाड होता, पण एवढं तो खरं बोलला. पुष्पांजली उठली आणि मंचावर एकटेच शाल पांघरून बसलेल्या प्रफुल साहेबांकडे गेली. पट्ट्यांच्या डब्याच्या तळाशी घडी घातलेला कागद होता. तिने तो उलगडून त्यांच्या हातात दिला. बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही तपासणी प्राथमिक आहे, एक रेघ आल्यास प्रयोगशाळेतून खात्री करून घ्यावी, काही औषधं आणि पूरक आहारामुळे चुकीचा निकाल येऊ शकतो.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "यार्डातल्या डब्यातही असेल," ते म्हणाले.

"असलच."

"कधी उघडला नाही." मग हळूच म्हणाले, "पट्टी खोटं बोलणार नाही, असं वाटायचं."

"महाराजाबद्दल लोकायलेबी तसंच वाटे, साहेब."

साहेबांनी शाल काढून घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली.

सोमवारची चौकशी पुढे ढकलली. योगराजच्या नमुन्याचा सीलबंद अर्धा भाग यार्डाच्या फ्रीजमध्ये होता, तो मोठ्या लॅबला गेला. बारा दिवसांनी अहवाल आला की नशेचं कोणतंही द्रव्य सापडलं नाही, सर्दीच्या औषधाच्या जातीचं उत्तेजक सापडलं. योगराजला चावी मिळाली. ती घेताना त्याने काही भाषण केलं नाही. घरी येऊन वहिनीसमोर चावी धरली आणि मग आत जाऊन तोंड धुतो म्हणून बराच वेळ धुतलं.

कैलाशचं प्रकरण सोपं नव्हतं. त्याने सही दिली होती. जे केलंच नाही त्याची कबुली त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून दिली होती, आणि त्याच्या नमुन्याचा दुसरा भाग फेकून दिला होता. हे लिहून होईपर्यंत त्याचा अर्ज आधीच्या दोघांच्या अर्जांसोबत मुख्य कचेरीत पडून होता आणि तो यार्डात झाडू मारत होता. चमत्कार झाला तो त्याचाच, हे विसरू नये. मुन्नालालवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला आहे आणि तो जामिनावर आहे. कुठेतरी नव्या नावाने नवा डबा उघडलाही असेल.

म्हणून साधी गोष्ट सांगायची ती अशी. देव माना, नका मानू, तो तुमचा प्रश्न. पण पोटात जाणाऱ्या वस्तूला ती कोणाच्या हातून आली हे कळत नाही. महाराजांनी दिली काय, जिमवाल्याने दिली काय, ती आपलं काम करते. कोणी चमत्कार दाखवला तर दोनच गोष्टी विचारा. यात काय आहे? आणि हे केलं नसतं तर काय झालं असतं? कैलाशने अकरा दिवस नुसतं घरी बसून भात खाल्ला असता, तरी रेघ परत आली असती. आणि हेच दोन प्रश्न कचेरीतल्या पट्टीलाही विचारा, कारण न वाचलेल्या कागदावरचा विश्वास ही पण अंधश्रद्धाच. तिला फक्त टेबल-खुर्ची असते.

यार्डाचा फॉर्म आता बदलला आहे. 'औषधे' या शब्दापुढे 'चूर्ण, काढा, ताकदीची पावडर, अंगारा, प्रसाद' असं छापून येतं. योगराज तिथे इतकं लिहितो की मागे पान जोडावं लागतं.

शांतीबाई दोन महिने सुनेशी मोजकंच बोलली. मग माघात गावच्या मारुतीच्या देवळात सप्ताह बसला, समाप्तीच्या दिवशी पुजारी प्रसाद वाटत रांगेतून आला. शांतीबाईचा हात सवयीने पुढे झाला, उजवा, खाली डावा. मग तो मध्येच थांबला.

"यात काय हाय गा?" तिने विचारलं.

पुजारी गोंधळला. चाळीस वर्षांत त्याला हे कोणी विचारलं नव्हतं. "खोबरं हाय, काकू. आन साखर."

"अजून?"

"अजून काई नाई."

शांतीबाईने शेजारी बसलेल्या सुनेकडे एकवार बघितलं.

"मंग दे," ती म्हणाली. "आन हिलेबी दे."